नव्वद किलोची स्प्रिंग

आमच्या शेजारच्या वहिनींचं वजन पन्नास किलोच्या आत, आणि त्यांच्या यजमानांचं, म्हणजे भाऊजींचं, नव्वद. शेजारणीला या चौकशा कशाला, असं विचारू नका. सगळा घोटाळा वजनाचाच आहे.

वहिनी अंडी पोचवायच्या. टेकडीवर पोल्ट्री, खाली बाजारात बेकरी. डांबरी रस्ता टेकडीला वळसे घालत उतरतो, मूळ मुद्दा विसरलेल्या माणसासारखा. सरळ उतरते ती दगडांची पायवाट. बेकरीवाला म्हणाला होता, भट्टी पेटायच्या आत अंडी आणाल तर रोजचं काम तुमचं. वळशाने ते जमेना, आणि जुन्या सायकलवर दगडांतून उतरलं की बेकरीत अंडी कमी आणि पिवळं पाणी जास्त पोचायचं. म्हणून वहिनींनी स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून डोंगरात चालणारी, धक्के गिळणाऱ्या शॉकअपची सायकल घ्यायचं ठरवलं.

खरेदीला तिघं गेलो. ते दोघं, आणि मी, कारण मला कोणी बोलावलं नव्हतं.

भाऊजींचा जीव दोन शॉकअपवाल्या सायकलवर जडला. पुढे एक, सीटखाली एक, रंग असा की आंधळ्यालाही दिसावा. दुकानातला मिस्त्री म्हणाला, "काका, एवढ्या पैशात दोन म्हणजे दोन्ही दिखाऊ. चढावर नुसती झोके घेईल आणि ढकलताना दम निघेल. त्याच पैशात पुढचा एकच चांगला घ्या. टायर रुंद घ्या, हवा जरा कमी ठेवा. तुमच्या टेकडीला तेवढं पुरे."

"एकाचीच घेऊ," वहिनी लगेच म्हणाल्या. भाऊजींचा चेहरा पडला.

मग मिस्त्रीने विचारलं, "चालवणाऱ्याचं वजन किती? आतली स्प्रिंग त्यावर ठरते. जड माणसाला कडक, हलक्याला मऊ."

"नव्वद," भाऊजी म्हणाले.

मी म्हटलं, "भाऊजी, अंडी तुम्ही नेणार? मग उजाडायच्या आत उठावं लागेल हो. झेपेल ना?"

"घरातली सायकल आहे, कोणीही नेईल. मऊ टाकली आणि मी बसल्यावर ती खाली टेकली, तर उद्या तुम्हीच दात काढाल."

काढले असते, यात शंका नाही. वहिनींचं एक म्हणणं नुकतंच मान्य झालं होतं. लगेच दुसरं रेटलं असतं तर घरात आठवडाभर अबोला सोसावा लागला असता. त्यांनी पर्स उघडली.

अंड्यांचा डबा पाठीला बांधून, पेडलवर उभं राहून, गुडघे सैल सोडून त्या उतरायच्या. अंडी शाबूत पोचायची. पण पुढची कडक स्प्रिंग त्यांच्या वजनाला भीक घालत नव्हती. प्रत्येक दगड थेट मनगटात. महिना-दोन महिन्यांत त्यांच्या हातून कप सुटायला लागले. दाराचं कुलूप उघडायलासुद्धा मला हाक मारायच्या. "बोटं झोपतात हो," म्हणायच्या, जणू बोटांचाच आळशीपणा.

भाऊजी रविवारी तीच सायकल सपाट रस्त्याने चहाच्या दुकानापर्यंत न्यायचे आणि मित्रांपुढे अंगाचा भार टाकून हँडल दाबून दाखवायचे. "बघ कशी खेळते." नव्वद किलोखाली खेळणारच की ती.

शेवटी वहिनी एकट्याच मिस्त्रीकडे गेल्या. मऊ स्प्रिंग मागवावी लागेल, आली की फोन करतो, असं तो म्हणाला. फोन आला तेव्हा वहिनी टेकडीवर होत्या आणि मी त्यांच्या दारात साखर मागायला उभी होते. भाऊजींनी फोन उचलला. "नको, आमची ठीक चाललीय. बायकांना काय, सगळंच टोचतं," म्हणाले आणि मला विचारलं, "वाटीभर पुरेल ना?"

असली गोष्ट माझ्या पोटात राहणं शक्यच नाही. संध्याकाळीच वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बेकरीची सुट्टी आली की जाऊन बसवून आणते."

सुट्टीच्या आधीच त्या पडल्या. पायवाटेच्या मधल्या वळणावर ब्रेक दाबायला बोटं वळलीच नाहीत. सायकल झुडपात, डबा दगडावर. अंगावर खरचटण्यापलीकडे काही नाही, पण अंडं एकही वाचलं नाही. त्या सकाळी बेकरीत केक झाले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून अंडी टेम्पोने यायला लागली.

भाऊजी ओट्यावर बसून म्हणाले, "मी सांगत होतो, दोन शॉकअपची घ्या."

"भाऊजी, दुसरा तुम्ही जिभेला बसवून घ्या," मी म्हटलं.

ते खो खो हसले. थट्टेखोर बाईचा हाच तोटा. तिच्या शिव्यासुद्धा लोक टाळी देऊन घेतात.

हात जरा बरे झाल्यावर वहिनींनी मऊ स्प्रिंग बसवून आणली. परवा सकाळी दारात सायकल टेकवताना दिसल्या. पाठीवर डबा नव्हता.

"रिकाम्याच कुठे गेला होतात?" मी विचारलं.

"पायवाटेने उतरून बघितलं, हात टिकतात का."

"मग?"

"टिकले. काही कळलंच नाही हाताला." त्यांनी दोन्ही तळवे उघडून बघितले. "तशीच बेकरीत गेले सांगायला. तो म्हणाला, टेम्पोवाल्याशी वर्षाचं ठरलंय."

आतून भाऊजींनी विचारलं, "अगं, चहा होणार आहे का आज?"

"ठेवते," वहिनी म्हणाल्या, आणि सायकलला कुलूप लावून आत गेल्या.