कोंडलेलं इंजिन

दोन सीटांची ती लाल, जुनी स्पोर्ट्स कार आमच्याकडे आली ती सासरे गेल्यानंतर. सासरे वसईच्या खाडीकाठचे. भावांवर शेती सोपवून त्यांनी गॅरेज काढलं आणि कुणा शौकिनाने टाकून दिलेली ही गाडी हळूहळू उभी केली. बायको त्यांची एकुलती एक मुलगी, त्यांच्याच हाताखाली शिकलेली. गाडी विकायचा विषय मी एकदाच काढला. तिने नुसतं बघितलं, तेवढं पुरलं.

विरारला फुलपाड्यात आमच्या सोसायटीत ती गाडी लावली आणि माझा जीव टांगणीला लागला. खाली सरकवलेल्या पुठ्ठ्यावर रोज नवं तेल. एक दिवस तळमजल्यावरच्या काकूंचा पाय त्या तेलावरून घसरला आणि मनगट मुरगळलं. सेक्रेटरी घरी आले, चहा घेतला आणि जाताना म्हणाले की गळती थांबवा, नाहीतर गाडी दुसरीकडे हलवा.

बायकोने इंजिनावरच्या झाकणाचं गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी चकती, बदललं. तेल खालून यायला लागलं. खालचं बदललं, तर मागून. एक जागा बंद केली की ते दुसरी शोधायचं. मी मोबाईलवर वाचत बसायचो आणि जे वाचीन त्याने आणखी घाबरायचो. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळलेला वायू खाली इंजिनाच्या पोटात उतरतो, तिथे दाब वाढतो आणि तो दाब तेलाला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतो. तसं असेल तर सगळं इंजिन उघडावं लागणार होतं, आणि या गाडीच्या रिंगा कुठे मिळतील हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

"आधी मोजू, मग घाबरू," ती म्हणाली.

तिच्या चुलतभावाचं सातिवलीला लेथचं छोटं युनिट आहे. रविवारी शेड रिकामी असते, म्हणून तिकडे निघालो. हायवे ओलांडून चढाला लागलो आणि जळकट वास आला. बॉनेटच्या कडेने निळसर धूर निघू लागला. मी गाडी थांबवायला सांगितलं, आग विझवायचा छोटा सिलिंडर छातीशी धरून उतरलो आणि चार हात लांब जाऊन उभा राहिलो. ती मात्र बॉनेट उघडून आत वाकली. मागून गळणारं तेल तापलेल्या सायलेन्सरच्या पाईपवर पडत होतं. आग नाही, पुढे जाऊ शकतो, असं ती म्हणाली. मी बसलो, पण एक हात दाराच्या कडीवर ठेवून.

शेडमध्ये तिने तेल मोजायची कांडी बाहेर काढली, तिच्या नळीच्या तोंडावर रबरी हातमोजा घट्ट बांधला आणि इंजिन सुरू केलं. मोज्याची बोटं एकेक करून ताठ झाली. बघता बघता तो टम्म फुगला. आत दाब होता, यात आता शंका उरली नाही.

मग तिने स्पार्क प्लग काढले आणि इंजिनाच्या एकेका सिलिंडरला गेज लावून दाब बघितला; रिंगा झिजल्या असत्या तर तो कमी भरला असता. दादा, म्हणजे तो चुलतभाऊ, किल्ली फिरवत होता. मी काट्याकडे बघायचं टाळून तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. चारही सिलिंडरचा दाब भरपूर आणि जवळजवळ सारखा निघाला.

"रिंगा ठीक आहेत," दादा म्हणाला. "पन मग ह्यो दाब कोंडतोय कुठं?"

इंजिनातला वायू बाहेर जायला एक ब्रीदर पाईप असतो. या गाडीत तो इंजिनाच्या मागे, हात जेमतेम पोचेल अशा जागी होता. तिने चाचपडत क्लिप सोडवली आणि पाईप ओढून काढला. त्याच्या तोंडात लाकडाची गोल खुंटी ठोकलेली होती, सुबक तासलेली, वर कापड गुंडाळलेली. तिने खुंटी उपसून तळहातावर फिरवून बघितली.

"हे बाबांचं काम आहे," ती म्हणाली.

त्या पाईपमधून थोडं तेल ठिबकतं, ते थांबवायला त्यांनी ती ठोकली असावी. पण हा पाईप कधी बंद करायचा नाही, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी गाडीला शेवटचा हात कधी लावला, असं तिने दादाला विचारलं. सासूबाई गेल्या त्याच्या आधी, तो म्हणाला. शेवटच्या वर्षांत सासऱ्यांना विसर पडायला लागला तो सासूबाईंच्या जाण्याने, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो; म्हणजे तो त्याआधीच सुरू झाला होता.

तिने नवा पाईप बसवून इंजिन पुन्हा सुरू केलं. मोजा लोळागोळा पडून राहिला. गळती त्यानंतर बरीच कमी झाली. मागचं सील अजून थोडं पाझरतं, पण सेक्रेटरींची तक्रार नाही.

परतताना धूर नव्हता, तरी मी वास घेत होतो. विरारच्या अलीकडे सिग्नलला गाडी थांबली तेव्हा समोर बघतच तिने विचारलं, "माझ्यात बाबांसारखं काही दिसलं, तर सांगाल ना?"

"सांगेन."

"लगेच. मला काय वाटेल याचा विचार न करता."

मी पुन्हा हो म्हणालो. मागच्या रिक्षाने हॉर्न दिला, सिग्नल हिरवा झाला होता. तिच्या ते लक्षात आलं नव्हतं. माझ्याही.