एक्केचाळीस नंबरची डिश

संशोधन संस्थेत तिला सगळे चूपबाई म्हणत, आणि हे नाव तिनं बावीस वर्षं घाम गाळून कमावलं होतं. माणसांच्या पेशी डिशमध्ये वाढवायच्या, एक दिवसाआड जुनं पाणी काढून ताजं गुलाबी पाणी घालायचं, हे तिचं काम. त्याला तिथं खाऊ घालणं म्हणत. उघड्या डिशवर बोललं की तोंडातले जंतू आत पडतात आणि दोन दिवसांत पेशींचा निकाल लागतो. म्हणून कुणी तोंड उघडायचा अवकाश, ही "चूप!" म्हणून खेकसायची. एकदा तर खुद्द संचालकांवर खेकसली होती.

थोरला भाऊ गेला तेव्हाही ती चूपच होती. आतड्याचा कॅन्सर. अकरा दिवस ती दादाच्या उशाशी बसली, तोंडातून ब्र काढला नाही, आणि नंतर डोळ्यांतून टिपूस आलं नाही. तो गेल्यावर चौथ्या दिवशी कामावर हजर. बाई दगडाची आहे, असं लोक म्हणाले. म्हणेनात का! तिलाही तसंच वाटत होतं. आत काही हलतच नव्हतं.

दादाच्या गाठीचा तुकडा, त्याच्याच सहीनं, संस्थेत आला होता. त्यातून जेलीमध्ये खसखशीएवढे गोळे वाढले, थेट गाठीसारखे वागणारे. कुठलं औषध लागू पडेल ते आधी अशा गोळ्यांवर बघायचं, हे नवं शास्त्र. निकाल यायच्या आत दादाच गेला. गोळे मागे राहिले.

मग बैठकीत वाद जुंपला.

"माणूस गेला, आता हे कुणाचे?" मोठे डॉक्टर म्हणाले. "घरच्यांना विचारायला हवं."

"सही आहे ना? मग संस्थेचे," धाकटे सर म्हणाले.

तासभर काथ्याकूट करून शेवटी वहिनीला विचारलं. "राहू देत," वहिनी म्हणाली. "कुणाच्या तरी उपयोगी पडतील. आणि हे कुठंतरी आहेत, एवढं तरी मला राहील."

सोमवारी गोळे गोठवायचं ठरलं. एकदा गोठवले की वर्षानुवर्षं टिकतात. तोवर मात्र सगळा जीव एकाच डिशमध्ये होता, एक्केचाळीस नंबरच्या. मोठे डॉक्टर ती दुसऱ्या कुणाला द्यायला निघाले.

"कशाला? माझ्यासाठी तो नुसता एक नंबर आहे," ती म्हणाली.

वहिनी रोज फोन करायची, "कसे आहेत गं हे?" आणि ती सांगायची, "बरे आहेत."

शनिवारी खोलीत कुणी नव्हतं. तिनं झाकण काढलं, जुनं पाणी शोषून घेतलं. मग मास्क हनुवटीखाली ओढला, डिशवर वाकली आणि बोलली.

"दादा, तू गेलास तेव्हा मी खाली चहा पीत होते रे."

ताजं पाणी घातलं, झाकण लावलं, हात धुतले, डबा खाल्ला. चवबीव काही लागली नाही.

सोमवारी डिशमधलं पाणी पिवळं आणि गढूळ झालेलं. नियम सगळ्यांना पाठ होता. बिघडलेल्या डिशवर ब्लीच. तिनं स्वतःच ओतलं. आधी रंग गेला, मग गोळे विरले.

धाकटे सर तणतणत आले. "कुणीतरी इथं तोंड उघडलंय!"

"मी," ती म्हणाली.

"तुम्ही? चूपबाई, थट्टेची वेळ आहे का ही?" असं म्हणून ते दुसऱ्या कुणाला तरी झापायला गेले.

दुपारी फोन आला.

"कसे आहेत गं हे?"

"गेले, वहिनी. माझ्यामुळे. उघड्या डिशवर बोलले मी."

"काय बोललीस?"

तिनं सांगितलं.

"अगं वेडे, चहाला मीच पाठवलं ना तुला?" वहिनी म्हणाली. "त्यांनीच खूण केली होती मला, हिला बाहेर पाठव म्हणून. तू समोर असताना त्यांचा जीव निघत नव्हता गं."

तिनं फोन ठेवला. आधी सवयीनं खोलीभर पाहिलं, कुठली डिश उघडी नाही ना. मग ती मोठ्यानं रडली.