एका अक्षराचं उत्तर

आमची मुलगी साडेतीन वर्षांची होईपर्यंत एकच अक्षर बोलत होती. ते अक्षर 'की' होतं.

कोल्हापुरात हे अक्षर वाक्याच्या शेवटी आपोआप येतं. जेव की. चल की. आलो की. हाय की. सांगणाऱ्याचं वाक्य त्यावर संपतं आणि होकार देणाऱ्याचंही त्यावरच. नवरा म्हणायचा, "जेव की," आणि ती म्हणायची, "की." आम्हाला ते 'जेवते की' असं ऐकू यायचं. 'की'च्या आधीचे शब्द आम्ही मनानं भरत होतो.

मी एका दैनिकात उपसंपादक आहे. आलेल्या बातमीत कोण काय म्हणालं, खरंच म्हणालं का, हे तपासणं माझं काम. घरात मी ते दीड वर्ष तपासलं नाही.

नवरा फौंड्रीत कामाला. पहिल्या पाळीवरून आला की अंघोळ करून तिला कडेवर घेऊन शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी तालमीच्या कट्ट्यावर जायचा. तालमीच्या फुटबॉल संघातली पोरं चेंडू तिच्यापुढं ठेवायची.

"काय पैलवान, पास दे की."

"की."

"घ्या! आख्ख्या टीममध्ये एवढीच ऐकणारी हाय."

समोरच्या घरातल्या मावशी उंबऱ्यावरून म्हणायच्या, "लई गुणाची हाय. न्हाय म्हणायला अजून शिकलीच न्हाय. सासरी नाव काढतीय बघा."

सगळे हसायचे, नवरा सगळ्यात मोठ्यानं. ती फुटबॉलवरच्या एका शिवणीकडे बघत असायची. पास देत नसायची. तो दिसत होता मला, न दिलेला पास. पण 'की' ऐकू आलेलं असायचं, आणि आम्ही ऐकलेलं धरून चालत होतो.

अंगणवाडीच्या सेविकेनं पहिल्यांदा शंका काढली. तिच्या चिठ्ठीवरून तपासणी करणारं सरकारी पथक आलं, त्यांनी आम्हाला लहान मुलांच्या उपचार केंद्राकडे पाठवलं, आणि केंद्रातली तारीख मिळण्याआधीच दिव्यांग प्रमाणपत्राचं शिबीर लागलं म्हणून आम्ही तिथं गेलो. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हा शब्द तोपर्यंत मी फक्त आतल्या पानावरच्या लेखांत सुधारला होता. केंद्रातले उपचार मोफत होते. पण पुढं शाळेत विशेष शिक्षक, सवलती, विमा, हे सगळं प्रमाणपत्रावर अवलंबून होतं, आणि प्रमाणपत्राला किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व लागतं.

शिबिरातले डॉक्टर आमच्याच भागातले होते. प्रेमळ होते. त्यांनी लिमलेटची गोळी पुढं केली. "घे की बाळ."

"की."

"वा. बोलती की."

मग त्यांनी पालकांसाठीचे प्रश्न वाचले. त्यात एक होता, ऐकलेलं तसंच्या तसं परत म्हणते का? नवरा म्हणाला, "न्हाय ओ. उत्तर देती." त्याला वाटत होतं परीक्षा आहे आणि आपण मुलीला पास करतोय. मी शेजारी बसले होते. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि मी होकाराची मान हलवली.

चाळीस भरले नाहीत. प्रमाणपत्र मिळालं नाही. नवऱ्यानं येताना पेढे घेतले. त्याला तो निकाल चांगला वाटला होता, आणि त्या संध्याकाळपुरता मलाही.

पुढच्या महिन्यात केंद्रातली तारीख आली. बोलण्याचे उपचार करणाऱ्या मॅडम अमरावतीकडच्या, कोल्हापुरात नव्या. त्यांनी चेंडू हातात धरून विचारलं, "बॉल पाहिजे का?"

मुलगी म्हणाली, "का."

नवरा हसला. "बघा, मॅडमलाच उलटा प्रश्न विचारती."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा विचारलं, "भूक लागली ना?"

"ना."

मॅडमनी चेंडू खाली ठेवला. "घरी काय बोलते?"

"की म्हणती," नवरा म्हणाला.

"आणि तुम्ही तिच्याशी बोलता तेव्हा वाक्याच्या शेवटी काय म्हणता?"

"काय म्हणजे? जे बोलायचं ते बोलतो की."

मुलगी टेबलाखाली जाऊन बसली होती. तिथून आवाज आला, "की."

बाहेरच्या बाकावर दुसरं एक मूल रडत होतं, तेवढं ऐकू येत होतं.

मॅडमनी नंतर समजावून सांगितलं, सावकाश, प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगत. शेवटचं ऐकलेलं ती परत करते. का, ते नेमकं सांगता येत नाही. कदाचित बोलण्यात भाग घ्यायची तिची हीच पद्धत असेल. पण ते उत्तर आहे असं धरू नका. मी ते लिहून घेतलं. नवरा खाली वाकून तिच्या चपलेचा बंद लावत होता. तो बंद आधीच लागलेला होता.

घरी आल्यावर तो मोरीत हातपाय धुवायला गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. नंतर दारात उभा राहून म्हणाला, "मग दीड वर्ष मी बोलत कुणाशी हुतो?"

मुलगी आतल्या खोलीत होती, आणि आम्ही दोघंही आवाज बारीक ठेवून होतो. त्या दिवसापासून घरात आम्ही असंच बोलायला लागलो. बोललेलं परत येईल, म्हणून.

मॅडमनी फेरतपासणीसाठी अर्ज करायला सांगितला. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढं मूल कधी कधी तोंडच उघडत नाही, म्हणून घरचे व्हिडिओ घेऊन या, असंही म्हणाल्या. आता आम्हाला सिद्ध करायचं होतं की ती आम्हाला कधीच उत्तर देत नव्हती. ते सिद्ध झालं तर तिला शाळेत मदत मिळणार होती. नाही झालं तर नवऱ्याकडे दीड वर्षाच्या गप्पा शिल्लक राहणार होत्या. दोन्ही मिळणार नव्हतं. हे आम्ही एकमेकांना बोलून दाखवलं नाही.

साप्ताहिक सुट्टीच्या दुपारी मी फोनमधले सगळे व्हिडिओ काढून बसले. कानाला इअरफोन लावले आणि कागदाचे दोन भाग केले. डावीकडे आम्ही काय बोललो, उजवीकडे ती. 'हस की.' 'की.' 'बाबा आला की.' 'की.' 'टाटा कर की.' 'की.' पूर्वी या व्हिडिओंत मला तिचा आवाज ऐकू येत असे. आता फक्त आमचे आवाज ऐकू येत होते. आधी मोठे, मग तिच्या तोंडून बारीक होऊन. एकात नवऱ्याची ओढून बोलायची लकब तिच्या 'की'मध्ये जशीच्या तशी होती. एकात माझी, दमलेली.

एक व्हिडिओ मात्र वेगळा निघाला. ती मोरीच्या कट्ट्याजवळ उकिडवी बसली आहे, नळ ठिबकतो आहे, केसांवर ऊन आहे म्हणून मी बहुतेक तो काढला असावा. कुणी बोलत नाही. मध्येच ती फोनच्या दिशेला वळते आणि म्हणते, "की." मग पुन्हा पाण्याकडे बघते.

मी तो पुन्हा पुन्हा ऐकला. नळ, बाहेर एक रिक्षा, कुठंतरी भांडं. माणसाचा आवाज नाही. रेकॉर्डिंग सुरू होण्याआधी मी काही बोलले होते का, ते आठवत नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, ऐकलेलं कधी कधी फार उशिरानंही परत येतं. तसंही असेल. किंवा तिनं मला काहीतरी सांगितलं असेल आणि मी फोन धरून उभी असेन.

बातमीत अशी गोष्ट असती तर मी ती 'मात्र' घालून एका ओळीत ठेवली असती. वगळली नसती. पेन ड्राइव्हवर मी तो व्हिडिओ घेतला नाही. बोर्डावरचं कुणीतरी म्हणेल, ही तर आपण होऊन बोलते, एवढी एकच भीती त्यामागं होती, आणि ती मला त्या वेळीही स्पष्ट दिसत होती.

नवऱ्यानं जाताना विचारलं, "समदे घेतलेस न्हवं?"

"घेतले की," मी म्हटलं.

बोर्डात तिघं होते. व्हिडिओ त्यांनी दोन-तीनच बघितले. मधल्या बाई म्हणाल्या, "तुम्ही बोलून दाखवा तिच्याशी."

नवरा तिच्यापुढं गुडघ्यावर बसला. ती खिडकीच्या गजाला बोट लावत होती.

"पाणी पी की."

"की."

बाई म्हणाल्या, "हे उत्तरही असू शकेल ना?"

काय करायचं ते त्याला मॅडमनी शिकवलेलं नव्हतं. ते त्याचं त्यानं शोधलं.

"पाणी नगो की."

"की."

"बाबा वाईट हाय की."

"की."

बाईंनी पेन उचललं होतं. एवढ्यावर भागलं असतं. पण तो थांबला नाही.

"बाबा तुझा न्हाय की."

"की," ती म्हणाली. नेहमीच्याच आवाजात, स्वच्छ.

"झालं," बाई म्हणाल्या. "उठा तुम्ही. झालं."

तो उठला तेव्हा त्याच्या पँटला गुडघ्यांवर फरशीची धूळ लागली होती. ती त्यानं झटकली नाही. जिन्यात एक ओळखीचे गृहस्थ भेटले, त्यांनी विचारलं, "काय पावणं, काम झालं न्हवं?" नवरा म्हणाला, "झालं." त्याच्या वाक्याला 'की'चं शेपूट नसल्याचं मला त्या वेळी पहिल्यांदा जाणवलं.

प्रमाणपत्र आलं. टक्के पुरेसे आहेत. शाळेत आठवड्यातून ठरलेल्या दिवशी विशेष शिक्षिका येतात, आणि मुलगी आता चित्राचं कार्ड हातात देऊन पाणी मागते. केंद्रातल्या मॅडम म्हणतात, हे मागणं तिचं स्वतःचं आहे. त्यावर मी विश्वास ठेवते. तो व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहे. नवऱ्याला मी तो दाखवलेला नाही. दाखवला तर ती आपण होऊनही बोलत असेल असं त्याला वाटेल, आणि मग बोर्डापुढच्या त्याच्या शेवटच्या वाक्यावरचं तिचं 'की' त्याला उत्तर म्हणून ऐकू येईल.

मॅडमनी सांगितल्याप्रमाणे तिच्याशी बोलताना आम्ही शेवटचं 'की' सोडलं. मला ते जमलं, लिहिताना मी ते वाक्याच्या शेवटी वापरतच नाही. नवऱ्याला प्रत्येक वाक्यात एक अक्षर गिळावं लागतं. तो तिला आता काही कर असं म्हणत नाही, फक्त सांगतो. कामावरून येतो, पेला तिच्यापुढं ठेवतो आणि म्हणतो, "पाणी ठेवलंय."

ती हालचाल थांबवते. कान त्याच्या बाजूला करून उभी राहते. तो तोंड मिटून असतो. त्याचं बोलणं संपलेलं असतं आणि ती अजून त्या एका अक्षरासाठी थांबलेली असते.