डॉक्टरीणबाईंचं दुखणं

गल्लीत त्यांना सगळे गोडगोळे डॉक्टर म्हणायचे. हे आडनाव नव्हे, धंदा. होमिओपॅथीच्या पांढऱ्या गोड गोळ्या, आणि जीभ त्याहून गोड. साथ आली, दवाखान्याला कुलूप लागलं, तशी डॉक्टरांनी घरातली बाहेरची खोली बळकावली आणि मोबाइल जाड पुस्तकाला टेकवून दिवसभर फोनवर रोगी तपासू लागले. दार लोटलेलं, पण भिंत पातळ. आत बाटल्यांत गोळ्या भरत बसलेल्या डॉक्टरीणबाईंना पहिल्यांदाच कळलं, की आपल्या नवऱ्याला इतकं बोलता येतं.

काय काय विचारायचा हा माणूस! झोप कुशीवर लागते की पाठीवर? पाणी घटाघट पिता की घोटघोट? मनाला काय लागून राहिलंय? होमिओपॅथीत म्हणे सगळं विचारावं लागतं. घरात मात्र प्रश्न दोनच. चहा झाला का, आणि बाटल्या झाल्या का.

एका सकाळी दूध करपून पातेलं काळं पडलं, आणि बाई शेजारीच उभ्या. "नाक काय गहाण टाकलंयस?" एवढं विचारून डॉक्टर पुढच्या फोनला गेले. बाईंनी औषधाच्या स्पिरिटची बाटली नाकाशी धरली. कसला म्हणून वास येईना. दुपारी धीर करून सांगितलं, अंगात कसकस आहे. डॉक्टर म्हणाले, पड जरा, तेवढ्या बाटल्या भरून.

तेव्हा बाईंच्या डोक्यात किडा वळवळला. शेजारणीकडे तिच्या सासूचा जुना फोन पडून होता. तिने तो काठीला पिशवी अडकवून गॅलरीतून पोचवला. दोघींची पैजच लागली. शेजारीण म्हणाली, एका 'हॅलो'त ओळखतील. बाई म्हणाल्या, ओळखलं तर सरळ सांगेन, मला चाचणीला घेऊन चला. आणि नाही ओळखलं तर? बाई नुसत्या हसल्या.

गॅलरीचं दार ओढून त्यांनी नंबर लावला. घसा बसला होता हे खरं, पण इतक्या वर्षांच्या संसारात 'बरं' आणि 'आणते' यापलीकडे बाईंचा आवाज डॉक्टरांच्या कानावर पडला होता कधी?

"बोला ताई," डॉक्टर म्हणाले.

आणि ताईंची अशी विचारपूस झाली, की बायकोला हेवा वाटावा. वास गेलाय म्हटल्यावर तर डॉक्टर केवढे हळहळले. शेवटी विचारलं, "कुणी समजूत काढली, की बरं वाटतं की जास्त रडू येतं?"

"कुणी काढून बघितली नाही," बाई म्हणाल्या.

आता ओळखतील, असं बाईंना वाटलं.

"हे फार महत्त्वाचं लक्षण आहे," डॉक्टर म्हणाले, आणि लिहून घेतलं. मग बजावलं, आधी चाचणी करा, घरच्यांना सांगा, कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. फोन ठेवताच आत हाक गेली, एक बाटली जास्त भर गं, बिचारीला कुणी नाहीसं दिसतं. बाईंनी स्वतःची बाटली स्वतःच भरली आणि झाकण घट्ट लावलं.

दुसऱ्या दिवशी बाईंना उठवेना. डॉक्टरांनी चहा स्वतः केला आणि तो किती वाईट झाला ते दारातून ऐकवलं. मग खुर्चीत बसून आठवणीने ताईंना फोन लावला. आत बाईंच्या उशाखाली फोन वाजू लागला.

"तो फोन बंद कर आधी," डॉक्टर ओरडले. "मी पेशंटला लावतोय."

बाईंनी पांघरूण डोक्यावरून ओढलं आणि फोन उचलला. फोनमधून आणि भिंतीतून एकदमच तो मऊ आवाज आला.

"कसं वाटतंय ताई? घरच्यांना सांगितलंत का?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाले?"

"फोन बंद कर म्हणाले."

डॉक्टर चुकचुकले. कसली माणसं असतात एकेक, म्हणाले. धीर सोडू नका ताई, मी आहे ना.

फोन ठेवला, आणि भिंतीतून नेहमीचा आवाज आला.

"उठलीस का गं? त्या ताईंची बाटली अजून इथेच आहे."