तोंड दाखवून बोला

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आमच्या गावाच्या ऑनलाइन ग्रुपवर नाव न देता लिहिण्याची सोय बंद झाली. त्याच दिवशी दुसरा नियमही लागू झाला. प्रत्येक सदस्याने स्वतःचा चेहरा नीट दिसेल असा फोटो लावायचा. देव, फूल, गाडी, लहान बाळ, क्रिकेटपटू यांपैकी काहीही चालणार नाही, आणि जो फोटो लावणार नाही त्याला काढून टाकण्यात येईल.

गाव चाकणच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत आहे. जुनी घरं थोडी आणि भाडेकरू जास्त. कंपन्या आल्या तशा शेतांच्या बांधांवर दोन-तीन मजली इमारती उभ्या राहिल्या आणि लातूर, बीड, जळगावकडून आलेली कुटुंबं तिथे एकेका खोलीत राहू लागली. अशाच एका इमारतीत मी राहतो. पिंपरीतल्या एका दैनिकात बरीच वर्षं बातमीदारी केली. ती सुटल्यावर इथली खोली भाड्याने घेतली.

नियमामागचं कारण खोटं नव्हतं. आमच्या इमारतीच्या मालकांची सून ग्रामपंचायतीला उभी होती. ग्रुपवर निनावी लिहिणाऱ्याच्या नावाशेजारी नाक-डोळे नसलेलं एक करडं डोकं दिसायचं. प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत अशी डोकी एकाखाली एक उगवली. सुनेच्या कपड्यांविषयी, माहेराविषयी, तिच्या कामावर जाण्याविषयी त्यांनी जे लिहिलं ते इथे देण्यासारखं नाही. ती निवडणूक हरली आणि पुढे बरेच दिवस अंगणात दिसली नाही.

ग्रुप चालवतो मालकांचा पुतण्या. त्याचं चौकात मोबाइलचं दुकान आहे. मालकांना गावात सगळे अण्णा म्हणतात. नियम ठरला त्या दिवशी अण्णा दुकानात आले तेव्हा मी तिथे होतो.

"ज्याला बोलायचं त्यानं तोंड दाखवून बोलावं," अण्णा म्हणाले. "आमी न्हाई का चौकात फ्लेक्सवर तोंड दाखवीत?"

"अण्णा, फ्लेक्सवर शिव्या येत न्हाईत, कारण तिथं खाली लिहायला जागा नसती," पुतण्या म्हणाला.

"मंग जागा ठेव. पर तोंड दिसू दे."

फोटो आले. बहुतेक पुरुषांनी चौकातल्या फ्लेक्सवर शोभावेत असे फोटो लावले. गॉगल, पांढरा शर्ट, मागे कुणाची तरी चारचाकी. बायकांपैकी बऱ्याच जणी ग्रुप सोडून गेल्या. ज्या राहिल्या त्यांतल्या अनेकींनी नवऱ्यासोबतचा लग्नातला फोटो लावला. शिवीगाळ मात्र त्या आठवड्यातच थांबली. सुनेविषयी पुन्हा एक शब्दही कुणी लिहिला नाही. ज्यांच्यावर संशय होता त्यांपैकी दोघांनी तिच्या वाढदिवसाला ग्रुपवर केकचं चित्र टाकलं.

दुसरा बदल हळू झाला. तोपर्यंत अण्णा आम्हाला खोलीच्या नंबरावरून ओळखत. "चार नंबर, गाडी आत लावा," असं वरून ओरडत. फोटो आल्यावर ते फोन डोळ्यांजवळ धरून एकेक चेहरा बघत बसले. एकदा गेटवर त्यांनी चार नंबरच्या भाडेकरूला थांबवलं. "तू व्हय त्यो! फोटोत दाढी हाय, म्हून वळखलं न्हाई." त्याला त्यांनी नावाने हाक मारली. तो इमारतीत राहायला आल्यापासून पहिल्यांदाच. त्या दिवशी तो जिन्यात भेटेल त्याला हे सांगत होता. संक्रांतीला अण्णा प्रत्येक खोलीत स्वतः तिळगूळ घेऊन आले. चार नंबरच्या मुलाचं जावळ होतं, तेव्हा अण्णांनी मुलाला मांडीवर घेतलं आणि तो फोटो ग्रुपवर आला. भाडेकरूंना हे आवडलं. मलाही आवडलं.

करड्या डोक्यांनी निवडणुकीआधी आणखी एका विषयावर लिहिलं होतं, तो म्हणजे पाणी. इमारतीला अण्णांच्या बोअरचं पाणी आहे. बोअरच्या पलीकडे पत्र्याची शेड आहे, तिथे कंपन्यांतून आलेली रसायनांची जुनी पिंपं धुतात आणि विकतात. "पाण्याला वास आहे", "आज पिवळं आलं", "बादलीला आतून थर बसतो" अशा तक्रारी निनावी यायच्या. लिहिणारे आमच्याच इमारतीतले होते, कारण त्याच मजकुरात आमच्या जिन्यातल्या बंद दिव्याची तक्रारही असायची. वरच्या मजल्यावरची मुलं करतात तशी थट्टाही असायची. "अण्णांच्या पाण्यात चहापत्ती टाकायची गरज नाही, रंग आपोआप येतो." अण्णा चिडायचे. पण तक्रारी वाढल्या की शेडवाल्याला चार दिवस काम बंद ठेवायला सांगायचे, आणि पाणी सुधारायचं.

दिवाळीनंतर पाण्याविषयी ग्रुपवर कुणीही लिहिलं नाही.

तळमजल्यावर कोपऱ्याच्या खोलीत लातूरकडचं एक कुटुंब राहायचं. नवरा एका कंपनीत कंत्राटी कामगार, बायको घरी शिलाई करायची, मुलगी गावातल्या शाळेत पहिलीत. बायकोला आम्ही सगळे ताई म्हणायचो. फेब्रुवारीत मुलीच्या हातांवर आणि मानेवर फोड उठले. मलम लावलं की बसायचे, अंघोळ झाली की पुन्हा उठायचे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाणी कुठलं, असं विचारलं आणि ते बदलून बघा म्हणाले. पिण्यासाठी ताई जार घेत होत्याच. अंघोळीला, कपड्यांना, भांड्यांना रोज जार आणणं त्यांना शक्य नव्हतं.

ताईंनी ग्रुपवर लिहिलं. त्यांचा फोटो शाळेच्या स्नेहसंमेलनातला होता, शेजारी मुलगी. मजकूर असा होता : "अण्णा, पाण्याला परत वास यायलाय. लेकराच्या अंगावर फोड आलेत. डॉक्टर पाण्यामुळं म्हणायलेत. एकदा पाणी तपासून घ्यावं ही विनंती. ज्यांना त्रास आहे त्यांनी खाली लिहावं."

खाली पहिलं उत्तर अण्णांचं आलं. "ताई, घरातली गोष्ट हाय, घरात बोलू." मग इतरांनी लिहिलं. अण्णा आपले कुटुंबप्रमुख आहेत. अण्णा नक्की बघतील. अण्णांसारखा मालक मिळायला नशीब लागतं. एकाने नुसतेच जोडलेले हात टाकले. चार नंबरच्या भाडेकरूने लिहिलं, "आमच्याकडे पाणी चांगलं येतं. धन्यवाद अण्णा."

त्याच संध्याकाळी तो भाडेकरू खांद्यावर पाण्याचा जार घेऊन जिना चढत होता. ताई पायरीवर बसल्या होत्या. मी मागून येत होतो.

"भाऊ," ताई म्हणाल्या, "मागच्या टायमाला तुम्हीच लिहिलं होतं ना, थर बसतोय म्हणून? चहापत्तीचं बी तुमचंच होतं."

त्याने जार खाली ठेवला. "होतं."

"मग आता?"

"तेव्हा मी कोण होतो, ताई? कुणीच नव्हतो. आता फोटो आहे." मग तो म्हणाला, "अण्णांनी पोराला मांडीवर घेतलं. जावळाला आले. उद्या गेटवर कसं बघू त्यांच्याकडं?"

"खोलीतनं काढतील म्हणून भ्यायलात का?"

"काढणार नाहीत. तेच तर आहे. काढणारे असते तर बोललो असतो." तो हसला. "भीड पडते, ताई."

"माझ्या लेकराची नाही का भीड?" ताई म्हणाल्या. तो जार उचलून वर गेला.

दुसऱ्या दिवशी ताईंनी मला सोबत यायला सांगितलं आणि आम्ही अण्णांकडे गेलो. मुलगीही होती. अण्णांनी चहा सांगितला, मुलीचा हात हातात घेऊन उलटसुलट बघितला. सून आतून येऊन फोडांवर लावायला घरचं खोबरेल देऊन गेली.

"लई झालंय की वो हे," अण्णा म्हणाले.

"पिंपं धुतेत त्याच्यामुळं आहे, अण्णा. तुम्ही पहिल्यासारखं चार दिवस बंद ठेवा म्हणा त्यांना."

"पयला शेडवाला येगळा व्हता. आता ती शेड आमच्या व्याह्यानं घेतलीय. थोरली लेक दिलीय त्या घरात. त्याला काय म्हनू, तुजी पिपं उचल?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सांगा की पत्रकार, तुमी म्हनाल का?"

मी म्हणालो, "निदान पाणी तपासून घेऊ."

"घ्या की. आमी कुठं न्हाई म्हन्तो? पर ह्या एकट्याच म्हन्त्यात." त्यांनी फोन काढून ताईंच्या पोस्टखालची उत्तरं उघडली आणि तो माझ्यापुढे धरला. "हे बगा. सगळ्यांची तोंडं हायत. कोन म्हनतंय पानी वाईट? आधी बिनतोंडाची म्हनायची, ती आपलीच हायत का कुनाची, कुनाला म्हाईत."

त्यात खोटं काही नव्हतं. पडद्यावर गॉगल घातलेले, हसणारे, लग्नातले चेहरे होते आणि त्यांपैकी एकानेही तक्रार केलेली नव्हती.

ग्रामपंचायतीत गेलो. तिथले बाबू सौजन्याने बोलले. बोअर खासगी आहे, तक्रार एका घराची आहे, आणखी चार घरांच्या सह्या आणल्यात तर वर कळवता येईल. सह्यांसाठी ताई इमारतीतल्या प्रत्येक दारात गेल्या. सगळ्यांनी आत बसवलं, चहा विचारला, मुलीची चौकशी केली. सही कुणी केली नाही. मी केली. ती धरून दोन घरं झाली.

माझ्या जुन्या दैनिकातल्या सहकाऱ्याला फोन केला. तो आता शहराचं पान बघतो. त्याला सगळं सांगितलं.

"बोलतंय कोण?" त्याने विचारलं.

"एक बाई. भाडेकरू."

"एक बाई म्हणजे तक्रार झाली. बातमी कुठं झाली? आणखी दोन घरं दे, फोटोसकट. निनावी सूत्रं पाण्याला चालत नाहीत, राव. तुला काय सांगायचं."

मला सांगायची गरज नव्हती. त्या खुर्चीत असताना मीही असंच उत्तर देत असे. मी त्याला म्हटलं की बाईंचा आणि मुलीचा फोटो मिळेल. तो म्हणाला, पाठव, बघू. ताई तयार होत्या. फोटो काढायला मी त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा नवरा शिफ्टवरून आलेला होता.

"नका काढू," तो म्हणाला.

"अहो, लेकरासाठी आहे," ताई म्हणाल्या.

"माझ्या लाइनीचा सुपरवायझर ह्याच गावचा आहे. अण्णांचा भाचा लागतो. तो काही बोलायचा नाही मला. फक्त कंत्राटाच्या ब्रेकला कार्ड परत द्यायला सांगेल, आणि ब्रेक संपला तरी परत बोलावणार नाही." तो माझ्याकडे वळला. "त्या ग्रुपवर हिनं टाकलं तेव्हाच त्यानं मला विचारलं, वहिनी बऱ्या आहेत का म्हणून. चांगलंच विचारलं. पण विचारलं."

मी फोन खिशात ठेवला. बातमी झाली नाही. मी माझ्या नावाने ग्रुपवर लिहिलं की पाण्याला वास आहे आणि ते तपासायला हवं. त्याखाली पुतण्याने लिहिलं, "सर, आपल्या मताचा आदर आहे." पुढे कुणी काही लिहिलं नाही.

मार्चअखेर ताईंनी खोली सोडायचं ठरवलं. राजगुरुनगरला त्यांच्या नणंदेच्या ओळखीत एक खोली मिळत होती. नळाचं पाणी होतं. कंपनी तिथून लांब पडणार होती आणि मुलीची शाळा मध्येच सुटणार होती. तिच्या वर्गाची सहल त्या आठवड्यात होती. तिला तिथे जाता आलं नाही.

सामान भरायला टेम्पो आला तेव्हा इमारतीतले बरेच जण खाली उतरले. चार नंबरच्या भाडेकरूने गॅसची टाकी उचलून ठेवली. शिलाई मशीन दोघांनी धरलं. अण्णाही आले. त्यांनी मुलीला चॉकलेटचा पुडा दिला आणि ताईंना म्हणाले, "आपलंच घर समजून येत जावा. राग धरू नका." ताई म्हणाल्या, "राग नाही, अण्णा." पुतण्याने सगळ्यांना टेम्पोसमोर उभं करून फोटो काढला. मुलीने लांब बाह्यांचा फ्रॉक घातला होता.

तो फोटो संध्याकाळी ग्रुपवर आला. वर लिहिलं होतं, "आमच्या ताईंना व कुटुंबास पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा." त्याखाली इमारतीतल्या प्रत्येक खोलीतून कुणी ना कुणी हृदयाचं चिन्ह टाकलं. ताईंनीही धन्यवाद लिहिलं आणि नंतर त्या ग्रुपमधून बाहेर पडल्या.

राजगुरुनगरला गेल्यावर मुलीचे फोड काही आठवड्यांत बसले, असं ताईंनी फोनवर सांगितलं. मानेवर डाग राहिले आहेत. ते पाण्यामुळेच झाले होते का, हे डॉक्टरांनी ठामपणे सांगितलेलं नाही. कोपऱ्याच्या खोलीत जळगावकडचं एक जोडपं राहायला आलं आहे. बोअरच्या पाण्याचा नमुना आजपर्यंत कुणी घेतलेला नाही.

मागच्या आठवड्यात चार नंबरचा भाडेकरू माझ्या दारात आला. आत यायला नको म्हणाला. ताई मुलीला कोणत्या डॉक्टरकडे नेत होत्या, एवढंच त्याला हवं होतं. मी पत्ता सांगितला.