चुन्यावर बसलेला पतंग

आमच्या साडूंच्या नाकावर जेवढा राग असतो, तेवढा अख्ख्या परभणी जिल्ह्यात मिळून नसेल. बरं, तो जेवणावर नाही, मानपानावर नाही. सगळा एका पतंगापायी. सेलूला त्यांच्या कचेरीच्या आवारात एक जुना शिरीष आहे. त्याच्या खोडावर दिवसा सालीच्याच रंगाचा पतंग बसतो. घरी आलेल्या माणसाला चहासुद्धा न विचारता हे त्या झाडापुढे उभं करणार! मलाही संताप यायचा. "पंखावर डोळ्यासारखा वाटोळा ठिपका हाय बघा," ते सांगत. मी भलत्याच गाठीवर बोट ठेवलं की भडकत, "साडूभाऊ, डोळे हायत का गुंड्या?"

त्याची अळीही तशीच लबाड. शिरीषाचा पाला खाते, फांदीला चिकटून काडीसारखी पडून राहते आणि पोट भरलं की खाली उतरून वाळल्या पानांत कोष विणते. तिच्यातून हाच पतंग निघतो, हे साडूंना एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. पण दर खेपेला कुणीतरी पाचोळा झाडून पेटवून देई आणि कोषही जळून जाई. यंदा त्यांनी कोषावर फुटकी टोपली पालथी घातली आणि झाडणाऱ्या शिपायाला दम भरला, "हात लावून तर बघ!"

शिपायानं टोपलीला हात लावला नाही. मोठे साहेब येणार म्हणून झाडाला मात्र गेरू आणि चुना फासला. साहेब आले की झाडांना चड्ड्या घालायची ही अक्कल कुणाची, देव जाणे!

दुसऱ्या सकाळी मी तिथं पोचलो, तेव्हा टोपलीच्या भोकातून निघालेला पतंग खोडावर चढून पांढऱ्याशुभ्र चुन्यावर ओले पंख सुकवत होता. पंखावर वाटोळा ठिपका. मला तो फाटकातूनच दिसला.

"दिसला!" मी ओरडलो.

"तोच हाय," खोडाशी उभे असलेले साडू म्हणाले, आणि लगेच उसळले, "पण तुमाला दिसायलाय म्हंजे साळुंक्या-कावळ्यांनाबी दिसायलाय! कोन्या गाढवानं फासला हा चुना?"

त्यांनी छत्री उघडून पतंगावर धरली. साहेबांची गाडी आली, हारतुरे झाले, दोनदा बोलावणं आलं. साडू पाठ फिरवून तिथंच उभे. "साहेबाला म्हनावं, लय काम हाय!"

अंधारून आलं तसा पतंग उडाला आणि वरच्या, चुना न लागलेल्या फांदीवर टेकला. साडू छत्री मिटून वर बघत राहिले.

"दिसतोय का हो?" मी विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांना असं हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.