देवरामनानांची राहिलेली पाहणी

कोणी बोलायला लागलं की देवरामनाना हातातलं पेन खाली ठेवत. समोरच्याचं सगळं सांगून झालं की मगच ते उचलत, त्याच्याच शब्दांत लिहून घेत आणि त्याला वाचून दाखवत. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या नगरपालिकेत ते करविभागाचे मुख्य लिपिक होते. मी नोकरीला लागले तेव्हा मला त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसवलं. "ताई, लिहिताना ऐकू कमी येतं," एवढंच ते पहिल्या दिवशी म्हणाले.

त्या वर्षी पाणीयोजनेसाठी घरपट्टी वाढवायची होती, तीही नियमातल्या मर्यादेच्या वर. अशा वाढीला सरकारची मंजुरी लागते, आणि ती मागताना लोकांच्या हरकती ऐकल्याचं दाखवावं लागतं. सुनावणीच्या शेवटच्या दिवशी गजराअक्का आल्या. नदीकाठच्या गल्लीत एकट्या राहायच्या, पापड लाटून पोट भरायच्या. त्यांची मागची खोली पावसात बसली होती, पण पालिकेच्या कागदावर ती उभीच होती.

"पडेल खोलीनी घरपट्टी मी कसी भरू, नाना? एकदाव यीसन देखी ल्या."

"सोमवारे येसू, अक्का," नाना म्हणाले.

सोमवारी साहेबांनी प्रस्ताव मागितला. मुदत संपत आली होती. हरकतींचा गठ्ठा बघून ते म्हणाले, एवढं वर कोण वाचतं, एका ओळीत आटपा. नानांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग त्यांनी लिहिलं, 'सर्व हरकतींची पाहणी करून त्या निकाली काढण्यात आल्या.' खाली सही केली. ते वाक्य मीच टाइप केलं.

मंजुरी आली. नवी बिलं वाटायला आम्ही दोघं त्या गल्लीत गेलो, तर अक्कांच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, सोमवार आला की अक्का पापडाला हात लावत नसत. पालिकेचा माणूस आला तर पिठाच्या हातांनी कसं उठायचं, म्हणून सकाळपासून दारात बसून राहायच्या. असे किती सोमवार गेले. शेवटी मुलगी त्यांना सुरतेला घेऊन गेली, आणि तिथेच त्या वारल्या. नाना घराला वळसा घालून मागे गेले. पडलेल्या खोलीत एरंड वाढला होता. ते तिथून हलेनात. मला त्यांना हाक मारून आणावं लागलं.

त्यानंतर दर सोमवारी कचेरीचं दार वाजलं की नाना अर्धे उठत. "अक्का शेतस का, देखा बरं," म्हणत. मी उठून बघून यायचे, कोणी नाही म्हणून सांगायचे. एकदा त्यांनी विचारलं, "नीट पाहिलंत?" मी पुन्हा जाऊन पाहिलं.

निवृत्त झाल्यावर ते धुळ्याला, देवपुरात मुलाकडे राहायला गेले. मी त्यांना शेवटची भेटले तेव्हा त्यांनी मला ओळखलं नाही. माझ्याकडे बघत हळूच म्हणाले, "अक्का, मी उनू. दार उघाडा."

सून ओशाळली. मला राहवलं नाही. म्हटलं, "दार उघडंच आहे, नाना. या."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "आते काय देखू?" आणि त्यांनी तोंड फिरवलं. महिनाभरात ते गेले.

यंदा पुन्हा तसाच प्रस्ताव निघाला. मुख्य लिपिक आता मी आहे. जुन्या मसुद्यात ते वाक्य तयारच होतं. ते खोडून मी साहेबांना सांगितलं की प्रस्ताव उशिरा जाईल. ते चिडले, पण मी हरकतींचा गठ्ठा घेऊन बाहेर पडले. पहिलंच घर एका म्हाताऱ्या आबांचं होतं. पालिकेचं कोणी खरंच बघायला आलंय, हे त्यांना पटेना. त्यांनी माझं ओळखपत्र मागून पाहिलं. मग माझ्या मोजायच्या फितीचं दुसरं टोक धरून ते भिंतीपाशी उभे राहिले.

मोजताना मी दोनदा मागे वळून पाहिलं.

"तुमना संगे आखो कोणी शे का?" आबांनी विचारलं.

मला पटकन नाही म्हणता आलं नाही.